बाटली क्रमांक ५३-एन: एका लशीची आणि हाफकिन यांची गोष्ट

लस घेतल्यावर माणसं दगावली, असा मेसेज ग्रुपवर आला की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो सगळ्या लशी वाईट, दुसरा म्हणतो सगळं खोटं. नेमकं बिघडलं कुठे, हे सहसा कोणी विचारत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा ॲप क्रॅश झाल्यावर पहिला प्रश्न तोच असतो. म्हणून मला वाल्देमार हाफकिन यांचं आयुष्य तुम्हाला सांगावंसं वाटतं. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला ज्यांचं नाव आहे, तेच हे.

त्यांचा जन्म १८६० चा, ओडेसा शहरातल्या ज्यू कुटुंबातला. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा सरकारने त्यांना इथे बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये जेमतेम जागा, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर काम सुरू झालं.

लस बनली कशी?

पोषक द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्यांच्या आधाराने प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढायचे. मग तो द्रव तापवून जंतू मारायचे. मेलेला जंतू आजार देत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते. १० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी हीसुद्धा लस स्वतःला टोचली. ताप आला, अंग दुखलं, पण काम चालूच राहिलं.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार असलेल्या कैद्यांना लस दिली गेली, बाकीचे तसेच राहिले. जागा तीच, जेवण तेच, फरक लशीचा. लस घेतलेल्यांमध्ये प्लेग कमी झाला. आजच्या नियमांनी पाहिलं तर ही चाचणी कच्चीच. कैद्याची संमती कितपत खरी, हा प्रश्न उरतोच. पण कोणाच्या तुलनेत फायदा झाला, याचं उत्तर तिच्याकडे होतं.

मुल्कोवालमध्ये काय घडलं?

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. मागणी प्रचंड वाढली. मग ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात (आता पाकिस्तानात) १०७ जणांना लस दिली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने गेले.

चौकशी बसली. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिड वगळून फक्त उष्णतेवर भर दिला होता. साहजिकच संशय या बदलावर आला. आमच्याकडेही असंच होतं बरं का, बग दिसला की आधी शेवटच्या अपडेटकडे बोट! बाटली परळमध्येच दूषित झाली, असा निष्कर्ष निघाला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं.

पण नोंदी वेगळं सांगत होत्या. मेलेले सगळे १९ जण एकाच बाटलीतून, ५३-एन मधून टोचलेले. त्या दिवशीच्या इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या एकालाही धनुर्वात झाला नाही. बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधी नव्हती. धनुर्वाताचे जंतू आत बरेच दिवस वाढले असते, तर ती आली असती. शिवाय ती उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात.

रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. त्यांनी उभारलेली परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव दिलं गेलं, १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं.

त्या १९ कुटुंबांचं दुःख खरं होतं आणि लसही खरी होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे नोंदीमुळे कळलं. आजही लशीच्या बाटलीवर बॅच नंबर छापलेला असतो. पुढच्या वेळी असा मेसेज आला तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: कोणती बॅच, किती जणांना दिली आणि बाकीच्यांचं काय झालं?