डाव्या हातात पक्ष्याची अंडी, उजव्या हातात रायफल, आणि समोर नरभक्षक वाघीण

११ एप्रिल १९३०. कुमाऊँच्या डोंगरातली एक कोरडी घळ. जिम कॉर्बेट एका मोठ्या खडकाला वळसा घालून पुढे आले, सहज मागं वळून पाहिलं, तर चौगडची वाघीण वाळूवर बसून थेट त्यांच्याकडंच बघत होती. अंतर फक्त आठ फूट. या वाघिणीच्या नावावर सरकारदफ्तरी ६४ माणसं होती.

कॉर्बेट यांच्या डाव्या हातात रातव्या पक्ष्याची दोन अंडी होती. लहानपणापासून अंडी गोळा करायचा नाद, त्यात ही जरा वेगळ्या आकाराची दिसली म्हणून थोड्या वेळापूर्वीच उचललेली. उजव्या हातात रायफल, पण तिचं तोंड भलतीकडं. नळी वाघिणीवर आणायची तर पाऊण वर्तुळ फिरवायला पाहिजे, तेही एका हातानं, आणि इतकं सावकाश की तिला हालचाल कळता कामा नये.

त्यांनी ती फिरवली. हात भरून आला, रायफल जड वाटायला लागली, तरी फिरवत राहिले. नळी समोर आली तशी गोळी सुटली आणि वाघिणीचं डोकं हळूच पुढच्या पंजांवर टेकलं.

पुढं त्यांनी स्वतःच याचा हिशोब मांडला. अंडी हातात होती म्हणून ते झटक्यात वळले नाहीत. दुसरं म्हणजे त्या दिवशी हातात हलकी रायफल होती. जड दुनळी असती तर एका हातानं ती इतकी फिरलीच नसती.

ही हलकी रायफल त्यांच्याकडं कशी आली, ते समजायला मागं जावं लागेल.

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथं पोस्टमास्तर. जिम सहा वर्षांचा नाही होत तोवर वडील गेले. घरात भावंडं भरपूर, पैसा बेताचा. हिवाळ्यात मुक्काम खाली कालाढुंगीला, आणि घराच्या दारापासूनच जंगल सुरू. आठव्या वर्षी त्याला पहिली बंदूक मिळाली. जुनी ठासणीची दुनळी, उजवी नळी फाटलेली, दस्ता आणि नळ्या पितळी तारेनं बांधलेल्या. एकाच नळीत बार भरायचा, म्हणजे चुकला की शिकार गेली. नेम धरायची सवय तिथंच लागली म्हणायची. नंतर शाळकरी वयात कॅडेट म्हणून मार्टिनी रायफल हाती आली. तिचा मागचा धक्का पोराच्या खांद्याला चांगलाच बसायचा.

बंदुकीचा धक्का हे काय प्रकरण आहे, ते पीक संरक्षणाचा परवाना असलेल्यांना सांगायला नको. गोळी पुढं जाते तेवढ्याच जोरानं बंदूक मागं येते. काडतूस तेच ठेवून बंदूक हलकी केली की धक्का वाढतो. खांदा दुखतो ते एक वेळ परवडलं, पण खरा घोटाळा पुढच्या बाराला होतो. माणूस धक्क्याच्या भीतीनं आधीच डोळे मिटतो, चाप ओढायच्या ऐवजी हिसकतो, आणि नेम जातो.

आता १९०७ साल. चंपावतची वाघीण, नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ बळी. कॉर्बेट तेव्हा बिहारात मोकामा घाटावर रेल्वेचा माल नदीपार करायचं काम बघायचे. रजेवर येऊन त्यांनी हाका घातला, सोबत शेकडो गावकरी. हातात जड .५०० ची दुनळी आणि काडतुसं फक्त तीन. तिन्ही संपली, दोन लागली, तरी वाघीण उभीच. पळत जाऊन तहसीलदारांची बंदूक आणली, तर तिच्या नळ्या आणि मागचा भाग यांच्यात चांगली फट! नेम धरला उघड्या जबड्यावर, गोळी लागली पंजाला. वाघीण आधीच्या जखमांनी आटोपतच आली होती, म्हणून निभावलं.

मेलेल्या वाघिणीचा जबडा बघितला तेव्हा उजव्या बाजूचे वरचा-खालचा दोन्ही सुळे तुटलेले निघाले. कुणाची तरी जुनी गोळी. एका माणसाचा नेम चुकला, वाघिणीला नेहमीची शिकार पकडता येईना, आणि त्याची किंमत ४३६ घरांनी दिली. जखमी जनावर तसंच सोडून यायचं नाही, यावर कॉर्बेट आयुष्यभर अडून राहिले ते यामुळंच.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ ची बोल्ट रायफल दिली. दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी. वजन साधारण साडेतीन किलो. कॉर्बेट यांची मोठी दुनळी पाच किलोच्या आसपास.

मग हलकी असून ती खांदा का फोडत नव्हती? कारण काडतूस मध्यम होतं. गोळी जेमतेम नऊ ग्रॅमची, पण वेगानं जाणारी. शिवाय नळी एकच. दुनळीत दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी पडाव्यात म्हणून कारागिराला फार खटपट करावी लागते. बोल्ट रायफलीत ती भानगड नाही. काडतूस मागून घट्ट बंद होतं आणि प्रत्येक बार सारखा जातो. उणं एवढंच की दुसऱ्या बाराला बोल्ट मागंपुढं करावा लागतो. अंगावर येणाऱ्या वाघापुढं तेवढा वेळ मिळेलच असं नाही, म्हणून मोठी दुनळीही त्यांनी कधी टाकली नाही.

रुद्रप्रयागचा बिबट्या, १२५ माणसं खाणारा, १९२६ च्या मे महिन्यात याच रिग्बीनं पडला. गुलाबरायच्या आंब्याच्या झाडावर अकरावी रात्र होती. बॅटरीचा उजेड पडला, एक बार झाला आणि बॅटरीच विझली. बिबट्या लागला की सुटला हे कळायला पहाट उजाडावी लागली.

त्यांच्या चुकाही झाल्या, आणि त्या त्यांनी लपवल्या नाहीत. चौगडला एक वर्ष आधी दोन वाघ समोर दिसले होते. फिकट रंगाची ती म्हातारी वाघीण असं धरून गोळी घातली. नेम बरोबर, ओळख चुकली. मेलं ते तिचं वाढलेलं पिल्लू. पुढच्या बारा महिन्यांत तिनं आणखी १५ माणसं मारली.

कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी हे गाव त्यांनी वसवलं. रानडुकरं पीक ठेवत नव्हती, म्हणून गावाभोवती दगडी भिंत घालून दिली, आणि १९४७ ला देश सोडताना जमिनी कुळांच्याच ताब्यात ठेवल्या. त्यांचं पहिलं गाजलेलं पुस्तक १९४४ साली निघालं ते आपल्या मुंबईतून, ऑक्सफर्ड प्रकाशनाकडून. जाताना रिग्बी रायफलही त्यांनी याच प्रकाशकांकडं सोपवली.

१९ एप्रिल १९५५ ला केनियातल्या न्येरी गावी ते वारले. रायफल पुढं २०१५ साली रिग्बी कंपनीनंच परत विकत घेतली.

आणि ती अंडी? वाघीण पडल्यावर कॉर्बेट यांनी ती पुन्हा त्याच जागी नेऊन ठेवली. अर्ध्या तासानं तिथून परत जाताना बघितलं तर मादी अंड्यांवर बसलेली होती.