तळोद्याचा मेंढपाळ सुभेदार

मणिबेलीच्या अक्कलकुवा तालुक्याला लागूनच तळोदे. सुभेदार मल्हारराव होळकरांचं बालपण इथंच गेलं. जन्म १६९३ चा, नीराकाठच्या होळ गावचा. वडील खंडुजी लवकर वारले. भाऊबंदकीला कंटाळून आई मुलाला घेऊन तळोद्याला भाऊ भोजराज बारगळांकडे आली. मल्हारी मामाची मेंढरं राखू लागला. मेंढरं कातरायची, बायांनी लोकर पिंजून सूत काढायचं, चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणायची, काठ सुईनं शिवायचे, हा धनगरांचा रोजचा धंदा. पुढे मल्हारराव मामाच्या पागेत शिरले, माळव्याचे सुभेदार झाले, १७६६ मध्ये आलमपूरला वारले. पोरक्या पोराला पहिला आधार मेंढरांचाच. शेतकरी बंधूंनो, भाव नाही म्हणून लोकर उकिरड्यावर टाकू नका. मेंढरं धुऊन मगच कातरा. काळी, पांढरी लोकर वेगळी ठेवा.