तुंबलेली धमनी उघडणारा, गळणारी धमनी बुजवणारा : डॉ. चार्ल्स डॉटर

रक्ताची उलटी झाली किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं की घरची माणसं हादरतात, आणि हादरायलाच हवं. पोटातला रक्तस्राव आज बहुतेक वेळा एंडोस्कोपीने थांबवतात. तिने नाही जमलं, तर मांडीच्या धमनीतून बारीक नळी सरकवत थेट रक्त गळणाऱ्या जागेपर्यंत जाता येतं. पोट फाडावं लागत नाही. ही वाट पाडणाऱ्यांत अमेरिकेचे डॉ. चार्ल्स डॉटर होते.

जन्म १९२०चा, बोस्टनचा. वयाच्या ३२व्या वर्षी ते ओरेगन राज्यात पोर्टलंडच्या मेडिकल कॉलेजात एक्स-रे विभागाचे प्रमुख झाले. एक्स-रेवाल्याने फोटो काढावा, उपचार सर्जनने करावा, अशी तेव्हाची वाटणी. डॉटरना ती पटेना. १६ जानेवारी १९६४ रोजी त्यांच्यापुढे ८२ वर्षांच्या आजी होत्या. पाऊल सडत चाललेलं, सर्जन पाय कापायला सांगत होते, आजी ऐकायला तयार नव्हत्या. डॉटरनी मांडीतली तुंबलेली धमनी एकात एक बसणाऱ्या नळ्या सरकवून मोकळी केली. पाय वाचला. तरी अमेरिकेतल्या अनेक सर्जननी त्यांना वेड्यातच काढलं. युरोपातल्या डॉक्टरांनी मात्र ही पद्धत आधी उचलली.

पुढचं काम नेमकं उलटं होतं. प्रागहून आलेले डॉ. जोसेफ रोश आता पोर्टलंडला त्यांच्यासोबत होते. जठरातून रक्त जातंय आणि ऑपरेशन झेपणार नाही, अशा पेशंटचं करायचं काय? त्यांनी नळीतून औषध सोडून एक्स-रेवर गळती कुठे आहे ते शोधलं आणि पेशंटच्याच रक्ताची गुठळी त्या धमनीत सोडून ती बुजवली. १९७२ साली रोश, डॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्याने ही पद्धत छापून जाहीर केली. जठराला अनेक बाजूंनी रक्त मिळतं, म्हणून एक धमनी बंद झाली तरी सहसा निभावतं. आतड्याचं तसं नाही. तिथे फार जपून करावं लागतं, नाहीतर तेवढा भाग मरतो. आता गुठळीऐवजी धातूची बारीक वेटोळी किंवा जिलेटिनचे तुकडे वापरतात.

डॉटरना स्वतःला १९६९ साली कॅन्सर निघाला. रेडिएशन घेतलं, पुढे हृदयाची ऑपरेशनंही झाली, पण काम सुटलं नाही आणि डोंगर चढणंही नाही. विभागप्रमुख असतानाच १९८५मध्ये ते गेले. पोर्टलंडमध्ये १९९० साली त्यांच्या नावाने संस्था उभी राहिली, तिची सूत्रं रोश यांनी सांभाळली.