व्यासपीठाऐवजी मैदान

आपल्याला चारचौघांत बोलता येत नाही, मग आपल्या हातून प्रभूची सेवा कशी होणार, अशी खंत आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ तरुणांना असते. त्यांच्यासाठी आम्ही या अंकात अमेरिकेतील क्रीडाशिक्षक एमॉस अलोन्झो स्टॅग यांचे चरित्र थोडक्यात देत आहोत.

स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे एका गरीब कुटुंबात झाला. पाळक व्हावे या हेतूने ते येल विद्यापीठात गेले. तेथे बेसबॉलमध्ये त्यांनी नाव मिळवले. व्यावसायिक संघांनी पैसे देऊ केले, ते त्यांनी नाकारले. अमेरिकेचा फुटबॉल आपल्यासारखा नव्हे. त्यात चेंडू हातात घेऊन धावतात. त्या खेळातही १८८९ साली निवडलेल्या पहिल्या अखिल अमेरिकन संघात ते होते.

परंतु उपदेश करणे आपल्याला साधत नाही, हे त्यांना कळून चुकले. किती वर्षांची इच्छा ती! ती सोडताना त्यांना काय वाटले असेल याची आपण कल्पना करू शकतो. मात्र सेवेचा हेतू त्यांनी सोडला नाही. ते स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत गेले. तेथेच जेम्स नायस्मिथ यांनी बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला. मार्च १८९२ मध्ये शिक्षक व विद्यार्थी यांचा जाहीर सामना झाला. शिक्षक १ विरुद्ध ५ असे हरले. तो एकुलता एक गोल स्टॅग यांचा होता.

त्याच वर्षी ते शिकागो विद्यापीठात रुजू झाले. तेथे ४१ हंगाम त्यांनी फुटबॉल शिकवला, शिवाय बेसबॉल व धावण्याच्या शर्यतींचेही संघ तयार केले. दारू व तंबाखूपासून ते स्वतः दूर राहिले आणि मुलांकडूनही तीच अपेक्षा ठेवली.

१९३२ साली वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांना निवृत्त व्हावे लागले. सात वर्षांनी विद्यापीठाने तो फुटबॉल संघच बंद केला. पुढे त्यांच्या नावाचे मैदानही गेले. आज तेथे ग्रंथालय उभे आहे. माणसाने खचून जावे असाच हा प्रसंग. पण स्टॅग तोवर कॅलिफोर्नियातील स्टॉक्टनच्या पॅसिफिक कॉलेजात नवी मुले घडवीत होते. १९४३ साली, ८१ व्या वर्षी, देशातील फुटबॉल शिक्षकांनी त्यांना वर्षातील सर्वोत्तम शिक्षक म्हणून निवडले. १९४७ पासून त्यांनी पेनसिल्व्हेनियात आपल्या मुलाबरोबर काम केले. नव्वदी ओलांडल्यावरही ते स्टॉक्टनला मुलांना शिकवीत होते. १७ मार्च १९६५ रोजी, १०२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकबंधुभगिनींनो, आपला वर्ग लहान असेल, कधी बंदही पडेल. पण शिक्षकाचे काम वर्गाच्या भिंतींत नसते, ते मुलांच्या जीवनात असते. आणि ज्याच्या वाट्याला व्यासपीठ येत नाही, त्याच्यासाठी प्रभूजवळ मैदान असते, हे आम्हांला या चरित्रातून दिसते.