दयेकडून हक्काकडे : एग्लंटाइन जेब यांची वाटचाल

आफ्रिकेत कुठे दुष्काळ पडला वा यादवी पेटली, की तेथील मुलांसाठी धावून जाणाऱ्या संस्थांमध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रन’ हे नाव हमखास आढळते. १९८४ च्या भीषण दुष्काळात इथिओपियातील कोरेम येथे भुकेल्या मुलांना अन्न देणाऱ्यांत ही संस्था होती. तिच्या स्थापनेला शंभराहून अधिक वर्षे उलटली आहेत. मात्र तिचा जन्म झाला तो महायुद्धात हरलेल्या शत्रूच्या उपाशी मुलांसाठी, आणि तोही जनमताच्या रोषाला तोंड देत. हा रोष अंगावर घेणाऱ्या एग्लंटाइन जेब यांचे नाव आज फारसे कुणाच्या ओठांवर नसले, तरी बालहक्कांविषयी जगभर जे काही बोलले जाते त्याच्या मुळाशी त्यांचे विचार आहेत.

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील एल्समियर येथे २५ ऑगस्ट १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. घर जमीनदाराचे, सुखवस्तू आणि सुसंस्कृत. आईने ग्रामीण कारागिरांना हस्तकला शिकविणारी संस्था उभी केली होती. मामा सर रिचर्ड जेब हे ग्रीक साहित्याचे ख्यातनाम अभ्यासक होते. मुलींनी उच्च शिक्षण घेणे ही त्या काळी दुर्मीळ बाब होती. तरीही १८९५ मध्ये एग्लंटाइन ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉलमध्ये इतिहास शिकण्यासाठी दाखल झाल्या. त्यानंतर त्यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि मार्लबरो येथील प्राथमिक शाळेत गरिबांच्या मुलांना शिकवू लागल्या. पण हे काम त्यांना मानवले नाही. प्रकृतीने साथ दिली नाही आणि वर्गात त्यांचे मनही रमले नाही. ज्यांचे नाव पुढे जगातील मुलांशी कायमचे जोडले गेले, त्यांना मुलांच्या सहवासाची विशेष ओढ नव्हती, ही त्यांच्या आयुष्यातील एक विलक्षण विसंगती म्हणावी लागेल.

ही विसंगती वरवरची नाही. जेब यांच्या कार्याची प्रेरणा वात्सल्यात नव्हती. ती न्यायबुद्धीत होती. आईच्या सोबतीसाठी केंब्रिजला आल्यावर त्यांनी तेथील धर्मादाय कामांत समन्वय साधणाऱ्या संस्थेत काम सुरू केले. शहरातील गरिबी, घरे, रोजगार आणि शिक्षण यांची पाहणी करून १९०६ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या सामाजिक प्रश्नांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. दान देण्यापूर्वी परिस्थिती नीट जाणून घ्यावी, दिलेल्या पैशाचे पुढे काय झाले हे तपासावे आणि मदत अशी असावी की घेणारा स्वतःच्या पायावर उभा राहील, ही शिस्त त्यांच्या अंगी बाणली ती याच काळात. १९१३ मध्ये बाल्कन युद्धांतील निर्वासितांच्या मदतीसाठी त्या मॅसिडोनियात गेल्या. युद्ध संपले तरी त्याची झळ सर्वांत शेवटपर्यंत कोण सोसते, हे त्यांनी तेथे पाहिले.

वर्षभरातच पहिले महायुद्ध सुरू झाले. त्यांची धाकटी बहीण डोरोथी बक्स्टन हिने शत्रुराष्ट्रांतील वृत्तपत्रे मागविण्याची खास परवानगी मिळवली. त्यांतील मजकुराचे अनुवाद ‘केंब्रिज मॅगझिन’मध्ये येऊ लागले आणि एग्लंटाइन या कामात सहभागी झाल्या. इंग्रजी वृत्तपत्रांत न येणारे चित्र या अनुवादांतून दिसत होते. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी तोफा थंडावल्या, परंतु जर्मनी आणि ऑस्ट्रियाची नाकेबंदी दोस्त राष्ट्रांनी उठविली नाही. तह होईपर्यंत ती दबावाचे साधन म्हणून चालूच राहिली. व्हिएन्नात दूध मिळेनासे झाले, मुडदूस आणि क्षय यांनी मुलांना ग्रासले. ही नाकेबंदी उठवावी यासाठी १९१९ च्या प्रारंभी ‘फाइट द फॅमिन कौन्सिल’ स्थापन झाली. दोघी बहिणी तिच्यात अग्रभागी होत्या.

त्याच वर्षी वसंत ऋतूत लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात जेब यांनी उपासमारीने खंगलेल्या ऑस्ट्रियन मुलांची छायाचित्रे असलेली पत्रके वाटली. सेन्सॉरची मंजुरी न घेतल्याबद्दल त्यांना अटक झाली आणि मे महिन्यात खटला उभा राहिला. कायद्याच्या मुद्द्यावर आपली बाजू लंगडी आहे हे ओळखून त्यांनी नैतिक मुद्द्यावर युक्तिवाद केला. न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून पाच पौंडांचा दंड केला. खटला चालविणारे सरकारी वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी निकालानंतर स्वतःच्या खिशातून पाच पौंड काढून दिले आणि तीच पुढे स्थापन झालेल्या निधीची पहिली देणगी ठरली, असे सांगितले जाते.

१९ मे १९१९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जाहीर सभा झाली. शत्रूच्या मुलांसाठी भीक मागणाऱ्या या देशद्रोही बायकांवर फेकण्यासाठी काही जण सडकी फळे घेऊन आले होते, अशी आठवण सांगितली जाते. फळे फेकली गेली नाहीत. सभेत देणग्या जमल्या आणि ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ अस्तित्वात आला. लॉर्ड वेर्डेल हे उदारमतवादी नेते निधीचे अध्यक्ष झाले आणि जेब मानद सचिव. डोरोथी यांचा पिंड राजकीय चळवळीचा असल्याने त्या हळूहळू त्या कामाकडे वळल्या आणि निधीची धुरा एग्लंटाइन यांच्या खांद्यावर आली.

संस्था चालविण्याची जेब यांची पद्धत त्या काळाच्या मानाने नवी होती. परोपकार म्हणजे श्रीमंतांचा फावल्या वेळचा उद्योग, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. एखादा व्यवसाय ज्या काटेकोरपणे चालवला जातो त्याच काटेकोरपणे सेवाकार्य चालले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी व्यावसायिक कर्मचारी नेमले, वृत्तपत्रांत पान-पानभर जाहिराती दिल्या आणि देणगीदारांना कामाची माहिती मिळावी म्हणून निधीचे नियतकालिक सुरू केले. जाहिरातींवरील खर्च अनेकांना रुचला नाही. उपाशी मुलांचा पैसा छपाईवर का उधळायचा, असा प्रश्न विचारला गेला. तरीही जेब यांनी मार्ग बदलला नाही. व्हॅटिकनमध्ये जाऊन त्यांनी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांची भेट घेतली. पोपनी जगभरातील कॅथलिक चर्चमध्ये मुलांसाठी निधी गोळा करण्याचे आवाहन केले. स्वतः अँग्लिकन असलेल्या जेब यांनी धर्म आणि पंथ यांच्या भिंती ओलांडून मिळवलेला हा पाठिंबा मोलाचा ठरला.

जानेवारी १९२० मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या आश्रयाखाली जिनिव्हा येथे ‘इंटरनॅशनल सेव्ह द चिल्ड्रन युनियन’ स्थापन झाली. मदतीच्या कामाचे केंद्र विजेत्या देशाच्या राजधानीत न ठेवता तटस्थ भूमीवर असावे, यामागे जेब यांची दूरदृष्टी होती. रेडक्रॉसमधील सुझान फेरिएर यांची त्यांना तेथे मोठी साथ लाभली. एकट्या ब्रिटनमध्ये १९२१ च्या मध्यापर्यंत निधीने दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम जमवली होती.

मध्य युरोपातील परिस्थिती निवळू लागली असतानाच रशियात व्होल्गा नदीच्या खोऱ्यात प्रचंड दुष्काळ पडला. सप्टेंबर १९२१ मध्ये ६०० टन सामग्री घेऊन ‘टॉर्सेलो’ हे जहाज लंडनहून निघाले. फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या नेतृत्वाखालील मदतकार्याचा भाग म्हणून सारातोव्ह प्रांतात निधीची स्वयंपाकघरे उभी राहिली आणि ऐन भरात सुमारे तीन लाख मुलांना त्यांतून अन्न मिळू लागले. बोल्शेविकांच्या देशात ब्रिटिश पैसा कशाला, अशी टीका येथेही झाली. तिला उत्तर म्हणून दुष्काळग्रस्त भागाचे चित्रीकरण करून तो चित्रपट ब्रिटनभर दाखविण्यात आला. मदतकार्यासाठी चित्रपटाचा असा वापर त्या काळी अगदीच नवा होता.

एका संकटामागून दुसरे संकट येणार आणि प्रत्येक वेळी नव्याने याचना करावी लागणार, हे या धावपळीत जेब यांच्या लक्षात आले. मुलांचे जगणे दात्याच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, तर तो त्यांचा हक्क मानला जावा, या निष्कर्षाप्रत त्या आल्या. १९२२-२३ च्या सुमारास जिनिव्हात त्यांनी मुलांच्या हक्कांचा एक मसुदा तयार केला. त्यात अवघी पाच कलमे होती. मुलाच्या सर्वांगीण वाढीची सोय व्हावी; भुकेल्याला अन्न, आजाऱ्याला शुश्रूषा, मागे पडलेल्याला मदत, वाट चुकलेल्याला सुधारण्याची संधी आणि अनाथाला आसरा मिळावा; संकटात पहिली मदत मुलांना मिळावी; त्यांना उपजीविकेसाठी सक्षम करावे आणि शोषणापासून जपावे; आपले गुण इतरांच्या सेवेसाठी आहेत या जाणिवेने त्यांना वाढवावे, असा त्यांचा आशय. वंश, राष्ट्रीयत्व आणि धर्म यांच्या पलीकडे जाऊन हे कर्तव्य मानवजातीवर सोपविण्यात आले होते. राष्ट्रसंघाच्या आमसभेने २६ सप्टेंबर १९२४ रोजी हा जाहीरनामा स्वीकारला. पुढे राष्ट्रसंघाच्या बालकल्याणविषयक समितीवर सल्लागार म्हणूनही जेब यांनी काम केले.

जाहीरनाम्यातील वंशभेद नाकारणाऱ्या शब्दांची खरी कसोटी आफ्रिकेत लागणार होती. त्या खंडाचा बहुतांश भाग तेव्हा युरोपीय सत्तांच्या ताब्यात होता आणि राष्ट्रसंघात आफ्रिकेतून लायबेरिया, दक्षिण आफ्रिका आणि इथिओपिया हे तीनच देश होते. तेथील मुलांसाठी काही घडलेले पाहण्याइतके आयुष्य जेब यांना लाभले नाही. थायरॉइडच्या विकाराने त्यांना अनेक वर्षे पोखरले होते. शेवटच्या काळात त्या चिनी भाषा शिकत होत्या. दृष्टी युरोपच्या पलीकडे गेल्याची ही खूणच होती. १७ डिसेंबर १९२८ रोजी जिनिव्हात वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अडीच वर्षांनी, जून १९३१ मध्ये, त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जिनिव्हात आफ्रिकी मुलांविषयी परिषद भरविली. बालमृत्यू, शिक्षण आणि बालमजुरी यांवर तेथे चर्चा झाली. मात्र सभागृहात भरणा होता तो मिशनरी, वसाहतींचे अधिकारी आणि युरोपीय तज्ज्ञ यांचा. आफ्रिकी प्रतिनिधी बोटांवर मोजण्याइतके होते. पुढे स्वतंत्र केनियाचे नेतृत्व करणारे जोमो केन्याटा त्यांपैकी एक. ज्यांच्यासाठी निर्णय घ्यायचे त्यांनाच निर्णयाच्या खोलीत जागा नसावी, ही उणीव त्या परिषदेत स्पष्टपणे दिसली. ती भरून निघण्यास बराच काळ जावा लागला. आफ्रिकी देशांनी मुलांच्या हक्कांची स्वतःची सनद १९९० मध्ये स्वीकारली आणि ती १९९९ मध्ये अमलात आली.

जेब यांची पाच कलमे मात्र टिकली. संयुक्त राष्ट्रांनी १९५९ मध्ये त्यांचा विस्तार केला आणि २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली. तिच्या प्रास्ताविकात १९२४ च्या जिनिव्हा जाहीरनाम्याचा उल्लेख आहे. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये या संहितेला मान्यता दिली. जिनिव्हा शहराने २०२४ मध्ये जेब यांचे अवशेष मान्यवरांसाठी राखीव असलेल्या दफनभूमीत हलवून त्यांचा गौरव केला.

संस्थेचा प्रवास मात्र निष्कलंक राहिला नाही. ब्रिटनमधील शाखेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांविरुद्ध महिला कर्मचाऱ्यांनी केलेल्या तक्रारी नीट हाताळल्या गेल्या नाहीत, हे प्रकरण २०१८ मध्ये गाजले. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अध्यक्षांनी पद सोडले आणि २०२० मध्ये ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने आपल्या अहवालात संस्थेच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. मुलांच्या नावाने पैसा गोळा करणाऱ्या संस्थेच्या विश्वस्तांना दोघांना उत्तर द्यावे लागते. एक देणगीदार आणि दुसरे ते मूल, ज्याला प्रश्न विचारण्याची सोय नसते. जेब यांनी हिशेब, पाहणी आणि निःपक्षपातीपणा यांवर इतका भर दिला तो या दुसऱ्यासाठी. मूल आपले की शत्रूचे, गोरे की काळे, हे न विचारता मदत पोहोचली की नाही, एवढ्याच मापाने त्यांनी स्वतःचे काम मोजले. त्यांच्या वारसदारांनाही याच मापाने मोजले जाणार आहे.