लॉर्ड रॅले : लहरींचा उपासक

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. सुट्टीत गावी गेले की शेजारच्या काकू हमखास विचारतात, एवढे शिकून उपयोग काय? लॉर्ड रॅले यांचे चरित्र वाचताना मला या प्रश्नाचे उत्तर सापडले.

जॉन विल्यम स्ट्रट हे त्यांचे मूळ नाव. 12 नोव्हेंबर 1842 रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात एका जमीनदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. लहानपणी प्रकृती तोळामासा, त्यामुळे शिक्षणात वारंवार खंड पडे. तरीही 1865 साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले. 1872 मध्ये पुन्हा मोठे आजारपण आले. हवापालटासाठी ते इजिप्तला गेले आणि नाईल नदीवरील नौकेतच त्यांनी ध्वनिशास्त्रावरचा आपला ग्रंथ लिहावयास घेतला. 1877-78 मध्ये त्याचे दोन खंड प्रसिद्ध झाले.

1879 ते 1884 ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत प्राध्यापक होते. त्या विद्यापीठात स्त्रियांना पदवी मिळत नव्हती, त्या काळात 1882 मध्ये त्यांनी प्रयोगशाळेचे वर्ग मुलींना मुलांच्या बरोबरीने खुले केले. मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो तो यासाठी.

1885 मध्ये त्यांनी गणिताने दाखवून दिले की घन पदार्थात खोल न शिरता केवळ पृष्ठभागालगत धावणारी लहर असू शकते. भूकंपात अशा लहरी उठतात, हा त्यांचा तर्क पुढे खरा ठरला. आर्गॉन वायूच्या शोधाशी निगडित कार्यासाठी त्यांना 1904 चे नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कम त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकली. 30 जून 1919 रोजी त्यांचे निधन झाले.

त्या लहरीची कथा मात्र संपली नाही. क्वांटम डॉट म्हणजे एखाददुसरा इलेक्ट्रॉन कोंडून ठेवता येईल अशी अतिसूक्ष्म जागा. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकावरून रॅलेंची ध्वनिलहर गेली की तिच्यासोबत विद्युतदाबाचे चढउतारही सरकतात. इलेक्ट्रॉन त्यातल्या एका खळग्यात सापडतो आणि पाटाच्या पाण्यावरील पानासारखा वाहत जातो. 2011 मध्ये केंब्रिज व फ्रान्समधील ग्रनोबल येथील शास्त्रज्ञांनी याच रीतीने एकच इलेक्ट्रॉन एका डॉटमधून काही मायक्रोमीटर दूरच्या दुसऱ्या डॉटमध्ये पोहोचवला. केंब्रिजचा प्रयोग तर कॅव्हेंडिशमध्येच झाला!

1885 मध्ये इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. आपल्या लहरीवरून काय वाहून नेले जाईल, हे रॅलेंना कसे कळावे? त्यांनी काम चोख केले, एवढेच. विद्येचा उपयोग कधीकधी सव्वाशे वर्षांनी कळतो. काकूंना आता मी हेच सांगणार आहे.