डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे

जगात उपाशी किती, या प्रश्नाचे उत्तर केवळ दयाबुद्धीने देता येत नाही. त्यासाठी मोजमाप लागते. ते शास्त्रशुद्ध रीतीने करू पाहणारे थोर संख्याशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे होत.

त्यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनला गेले व तेथे त्यांनी संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. मायदेशी परतल्यावर त्यांनी पीककापणीच्या प्रयोगांकडे लक्ष वळवले. अक्कलकोटसारख्या कोरडवाहू तालुक्यात एकूण ज्वारी किती पिकली, हे प्रत्येक शेत मोजून कळणे अशक्य. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही शेते निवडून, त्यांत आखलेल्या तुकड्यातील पीक कापून तोलतात. तुकडा फार लहान असेल, तर कडेची ताटे आत धरली जाऊन उतारा फुगतो, हा दोष सुखात्मे यांनी दाखवून दिला.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे ते संचालक झाले. त्या काळी जगातील दोनतृतीयांश माणसे भुकेली आहेत, असे सांगितले जाई. सुखात्मे यांनी हा आकडा पारखून पाहिला.

माणसाचा आहार हे अखंडित मोजमाप आहे. आडव्या अक्षावर आहाराचे प्रमाण आणि उभ्या अक्षावर तितका किंवा त्याहून कमी आहार घेणाऱ्यांची संख्या मांडली, की संचित वारंवारता वक्र मिळतो. कोणत्याही मर्यादेखाली किती माणसे आहेत, हे त्यावरून वाचता येते. पण मर्यादा कोठे धरावी? प्रत्येकाची गरज निराळी. सर्वजण पोटभर जेवत असले, तरी सरासरी गरजेच्या रेषेखाली सुमारे निम्मे लोक येणारच! म्हणून ती रेषा सरासरीच्या पुष्कळ खाली हवी, हे सुखात्मे यांनी ओळखले. जगातील शेकडा १० ते १५ लोकांना पुरेसे अन्न मिळत नाही आणि जवळजवळ निम्म्यांचा आहार अपुरा किंवा निकस आहे, असा निष्कर्ष त्यांनी १९६१ साली मांडला.

१९७१ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. निवृत्तीनंतर पुण्यात राहून त्यांनी एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, असे प्रतिपादन केले. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी त्यास विरोध केला व हा वाद पुष्कळ गाजला. अन्नाइतकेच स्वच्छ पाणीही आवश्यक आहे, असा सुखात्मे यांचा आग्रह होता. १९९७ साली ते निवर्तले.

आलेखावरील रेषा बोटभर सरकली, तरी लक्षावधी माणसे गरजूंच्या गणनेत येतात किंवा गणनेबाहेर पडतात. ती रेषा विचारपूर्वक ओढावी, हाच सुखात्मे यांच्या जीवनकार्याचा बोध होय.